ऑनलाइन कोर्सचं क्रेडिट नेमकं कुणाच्या खात्यात पडतं?

या महिन्यात जी पत्रं आली, व्हॉट्सॲपवर जे मेसेज आले, त्यातले निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत. वकिलांनी सनद मिळाल्यावर पुढे जे शिकायचं असतं (इंग्रजीत कंटिन्युइंग लीगल एज्युकेशन, म्हणजे सीएलई) ते ऑनलाइन करता येते का, त्याचं क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या तासांची अधिकृत मोजणी, मिळते का, एका देशाचं क्रेडिट दुसऱ्या देशात चालते का, असं सगळे विचारून राहिले. म्हणून बाकीचे वारसाचे, बांधाचे, पोटगीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज हेच.

प्रश्न : मॅडम, मी तीन वर्षांपासून दारव्ह्याला प्रॅक्टिस करते. मोबाईलवर सारखी जाहिरात येते की घरबसल्या कोर्स करा, अमेरिकन सीएलई क्रेडिट मिळवा, आज भरले तर फी अर्धी. आमच्या बारमधल्या दोघांनी पैसे भरलेसुद्धा. हे क्रेडिट आपल्याकडे लागते का? नाही घेतलं तर पुढे सनदीला काही अडचण येईल का? आणि घेतलं तर ऑफिसच्या बोर्डावर लिहिता येईल का?
— महिला वकील, ता. दारव्हा

उत्तर : ताई, सनदीची काळजी डोक्यातून काढून टाका. आपल्या देशात वकिलांना दरवर्षी किंवा दर तीन वर्षांनी अमुक तास शिका, अमुक क्रेडिट जमा करा, नाहीतर सनद थांबवू, असा सक्तीचा नियम नाहीये. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियावर कायद्याच्या शिक्षणाला चालना द्यायची जबाबदारी आहे, राज्य परिषदेच्या कामात चर्चासत्रं आणि व्याख्यानं ठेवणं पण येते, पण क्रेडिट मोजायची वही कुणी उघडलेली नाही. तुम्ही लॉ पास झाल्यावर ऑल इंडिया बार एक्झाम दिली असेल, ती एकदाच द्यायची असते, आणि ती वैध आहे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्यानंतर तासांचा हिशोब कुणी मागत नाही.

लोकांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या पेशांमुळे, असं मला वाटते. आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंना तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात. मग वकिलालाही लागतच असेल असं कुणालाही वाटेल, आणि जाहिरातवाले नेमकं तेच धरून बसतात.

आता ते 'अमेरिकन क्रेडिट' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण यातच सगळं आहे. अमेरिकेत वकिलाचं लायसन देश देत नाही, राज्य देते. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, तास वेगळे, विषय वेगळे. १९७५ मध्ये मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी सक्ती सुरू केली आणि मग एकेक करत बहुतेक राज्यं त्यात आली, तरी मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, मिशिगन, साउथ डकोटा इथे आजही तशी सक्ती नाही. म्हणजे 'अमेरिकन क्रेडिट' असं एकच एक काही नसतंच, क्रेडिट असते ते न्यूयॉर्कचं, टेक्सासचं, कॅलिफोर्नियाचं. आणि ते कामी येते फक्त त्या माणसाला ज्याचं नाव त्या राज्याच्या वकिलांच्या रजिस्टरला आहे. आपल्याकडे जमीन वणी तालुक्यात असेल तर तिचा फेरफार वणीच्याच तलाठ्याकडे पडते, पुसदच्या तलाठ्याने कितीही सुंदर अक्षरात नोंद करून दिली तरी तिला अर्थ नाही, क्रेडिटचंही अगदी तसंच आहे. तुमचं नाव बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या रोलवर आहे, न्यूयॉर्कच्या नाही, मग न्यूयॉर्कचं क्रेडिट पडणार कुठे? खातंच नाही तर जमा कशात करायचं.

कोर्समध्ये शिकवलेलं चांगलं असेल तर शिकायला माझी ना नाही, पण मग पैसे शिकण्याचे द्या, क्रेडिटचे देऊ नका. करारांचं ड्राफ्टिंग शिकायचं असेल, अमेरिकन कंपन्यांचे कॉन्ट्रॅक्ट तपासायचं काम घरून करायचं असेल तर असा कोर्स उपयोगी पडू शकते. तालुका कोर्टात वाटणीचे दावे आणि १३८ चे चेक बाउन्स चालवायचे असतील तर तेवढ्या पैशात चांगली टीकेसहित पुस्तकं येतात.

बोर्डाचं विचारलंत ते बरं केलं. बार कौन्सिलच्या आचारसंहितेत ३६ नंबरचा नियम आहे. त्यात वकिलाने जाहिरात करू नये हे तर आहेच, पण बोर्ड किंवा नेमप्लेट वाजवी आकाराची असावी आणि आपण अमुक कामात स्पेशलिस्ट आहोत असं त्यावर दाखवू नये हेही स्पष्ट आहे. 'यूएस सर्टिफाइड' असं लिहिलं आणि कुणी तक्रार केली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, कोर्सवाल्याला नाही. तेव्हा बोर्डावर नाव, डिग्री, वकील, बस.

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला शिकली, मग अमेरिकेत एलएलएम केलं, न्यूयॉर्कची बार परीक्षा पास झाली आणि तिथली वकील म्हणून तिचं नाव पण लागलं. आता लग्नानंतर ती परत आली आहे, सध्या आमच्याकडे गावीच आहे, हिंगणघाटपासून १८ किलोमीटर, आणि एका कंपनीचं काम घरूनच लॅपटॉपवर करते. ती म्हणते बाबा मला दोन वर्षांत बरेच क्रेडिट करायचे आहेत. मी शेतकरी माणूस, मला यातलं काही समजत नाही. गावात बसून हे होते का, का तिला परत तिकडे जावं लागेल?
— एक वडील, ता. हिंगणघाट

उत्तर : काका, मुलीचं अभिनंदन, आणि तुम्ही तिच्यासाठी स्वतः पत्र लिहिलं याचं मला फार कौतुक वाटलं. हे उत्तर जरा लांब होईल, तिला वाचायला द्या.

तिच्या बाबतीत क्रेडिट खरंच लागते, कारण तिचं नाव न्यूयॉर्कच्या रजिस्टरला आहे. न्यूयॉर्कमध्ये वकील झाल्यावर पहिली दोन वर्षं 'न्यूली ॲडमिटेड', म्हणजे नवीन वकील, धरतात आणि त्या दोन वर्षांत ३२ क्रेडिट करायचे असतात, वर्षाला १६ प्रमाणे. त्या १६ मध्ये ३ एथिक्सचे म्हणजे व्यावसायिक नीतीचे, ६ स्किल्सचे, म्हणजे ड्राफ्टिंग, उलटतपास, वाटाघाटी असली कामं, आणि ७ बाकीच्या व्यवहारी विषयांचे. दोन वर्षं झाली की मग दर दोन वर्षांना २४, त्यात किमान ४ एथिक्सचे, १ भेदभाव टाळण्याबद्दलचा, आणि १ जुलै २०२३ पासून १ सायबर सिक्युरिटीचा पण घातलाय. तिथे क्रेडिटचा तास ५० मिनिटांचा असते. ही ५० मिनिटं लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

गावात बसून होते का, तर मोठा भाग होते. पण कोणता कोर्स कसा घ्यायचा याला नियम आहे आणि बरीच पोरं इथेच फसतात. नवीन वकिलाला स्किल्सचे क्रेडिट नुसतं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान पाहून चालत नाहीत. ते समोरासमोर, नाहीतर मग असा व्हिडिओ क्लास की ज्यात शिकवणारा त्या वेळी हजर आहे आणि विद्यार्थी प्रश्न विचारू शकते. बाकीचे व्यवहारी विषय मात्र रेकॉर्डिंगवर चालतात. एथिक्सच्या बाबतीत पण आधी फॉरमॅट पाहूनच पैसे भरायला सांगा. दोन वर्षांनंतर जुन्या वकिलांच्या गटात गेली की मग बरीच मोकळीक मिळते, घरी कधीही लावून पाहता येईल असे कोर्स पण चालतात.

आता व्यवहाराचं बोलू. लाइव्ह क्लास न्यूयॉर्कच्या दुपारी एक वाजता असला तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेअकरा. गावात त्या वेळी लाइन राहील का, नेट राहील का, हे तुम्हालाच जास्त माहीत. क्लास अर्ध्यात तुटला तर पूर्ण क्रेडिट मिळत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये नवीन वकिलाला अर्ध्या हजेरीवर भांडून काही हाती लागत नाही. म्हणून स्किल्सच्या लाइव्ह क्लासच्या दिवशी तिला हिंगणघाटला किंवा वर्ध्याला कुणा नातेवाइकाकडे जाऊन बसायला सांगा, जिथे वायफाय आणि इन्व्हर्टर दोन्ही आहे. रेकॉर्डिंगवाले गावातून आरामात होतील.

रेकॉर्डिंगचं पण एक सांगते. व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाकघरात गेलं असं चालत नाही. मधेच कुठेतरी शिकवणारा एखादा कोड सांगतो, किंवा स्क्रीनवर अक्षरं आणि आकडे येतात, ते टिपून शेवटी फॉर्ममध्ये भरावे लागतात. कोड चुकला तर सर्टिफिकेट अडते. वही-पेन जवळ घेऊनच बसायचं. आणि सर्टिफिकेट आलं की ते न्यूयॉर्कला पाठवायचं नसते, स्वतःकडे किमान चार वर्षं जपायचं असते, तिथलं सीएलई बोर्ड तपासणीला कधीही मागू शकते. मेलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि एक प्रिंट लोखंडी कपाटात, तिन्हीकडे ठेवा.

अजून एक महत्त्वाचं, कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. न्यूयॉर्कचा नियम असा आहे की जो वकील त्या पूर्ण काळात न्यूयॉर्कमध्ये वकिलीच करत नाही, त्याला या क्रेडिटमधून सूट आहे. मुलगी गावात बसून कंपनीचं काम करते म्हणजे तिला सूट आहे का? ते तिचं काम काय आहे त्यावर ठरते. ती न्यूयॉर्कच्या कायद्यावर कुणा विशिष्ट ग्राहकाला सल्ला देत असेल, तर बसायची खुर्ची हिंगणघाटात आहे एवढ्यावर सूट मिळेल असं धरून चालू नका. ती नुसतं कागद लावायचं, भाषांतराचं, डेटा पाहायचं काम करत असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या सीएलई बोर्डाला ईमेल करून, कामाचं स्वरूप चार ओळीत लिहून, लेखी उत्तर मागवा आणि जपून ठेवा. तोंडी कुणाचं ऐकू नका, माझं पण नाही. आणि सूट मिळाली तरी दर दोन वर्षांचं रजिस्ट्रेशन आणि फी हे वेगळं प्रकरण आहे, ते वाढदिवसाच्या नंतर ३० दिवसांत भरायचं असते, क्रेडिटच्या सुटीने ते सुटत नाही.

तुमच्या पत्रात शेवटी लिहिलंय की ती कॅलिफोर्नियाची पण परीक्षा द्यायचं म्हणते. देऊ द्या, पण मग दोन राज्यांचे दोन हिशोब. कॅलिफोर्नियाला तीन वर्षांत २५ तास लागतात आणि तिथे तास पूर्ण ६० मिनिटांचा. म्हणजे ५० मिनिटांचा जो क्लास न्यूयॉर्कमध्ये एक क्रेडिट देते तो कॅलिफोर्नियात एक तास भरत नाही. त्या २५ मध्ये किमान साडेबारा तास असे हवेत की ज्यात हजेरीची खात्री झाली आहे, बाकीचे स्वतः वाचून केलेले चालतात. टेक्सासमध्ये वर्षाला १५ तास, त्यात ३ एथिक्सचे, आणि वर्ष धरतात वकिलाच्या जन्माच्या महिन्यावरून. एकच कोर्स दोन राज्यांत चालू शकते का? बऱ्याचदा चालते. चांगली संस्था एकाच क्लासवर वेगवेगळ्या राज्यांची वेगवेगळी सर्टिफिकेट देते, आणि न्यूयॉर्कसारखी राज्यं मान्यताप्राप्त यादीतल्या दुसऱ्या राज्याने मंजूर केलेला कोर्स आपल्या नियमात बसत असेल तर धरतात. पण हे पैसे भरायच्या आधी विचारायचं, 'हा कोर्स माझ्या राज्याने मंजूर केलेला आहे का, माझ्या गटातल्या वकिलाला हा फॉरमॅट चालते का, आणि मिनिटं किती'. विचारलेलं सगळं मेलवर, फोनवर नाही.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये सॉलिसिटर आहे आणि त्याचा मित्र सिडनीला. एक म्हणते आमच्याकडे तास मोजतच नाहीत, दुसरा म्हणते मार्चपर्यंत पॉइंट भरायचे आहेत. दोघंही इंग्रजांच्याच कायद्याचे, मग असा फरक काहून?
— निवृत्त शिक्षक, मेहकर

उत्तर : गुरुजी, दोघंही खरं बोलून राहिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटरला आधी वर्षाला १६ तास सक्तीचे होते. १ नोव्हेंबर २०१६ पासून तिथल्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने तास मोजणं पूर्ण बंद केलं. आता वकिलाने स्वतः विचार करायचा की माझ्या कामात मी कुठे कमी पडतो, त्याप्रमाणे शिकायचं, त्याची नोंद ठेवायची, आणि दरवर्षी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट रिन्यू करताना आपण हे केलंय असं जाहीर करायचं. तिथल्या बॅरिस्टरांचं अजून वेगळं आहे, आणि स्कॉटलंड तर एकाच राजाच्या राज्यात असून त्याची कायदेव्यवस्थाच वेगळी, तिथे आजही सॉलिसिटरला वर्षाला २० तास करावे लागतात. सिडनीकडे म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये वर्षाला १० पॉइंट, वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्या आर्थिक वर्षासारखंच, आणि एथिक्स, व्यावसायिक कौशल्य, ऑफिस चालवणं आणि प्रत्यक्ष कायदा या चारही विषयांत काहीतरी पाहिजेच. कॅनडातल्या ऑन्टारियोत वर्षाला १२ तास.

भाच्याने सिडनीच्या मित्राचा ऑनलाइन क्लास पाहिला तर त्याला तो इंग्लंडमध्ये सहज दाखवता येईल, कारण तिथे प्रश्न असा विचारतात की यातून तुझ्या कामाला काय फायदा झाला. उलट मित्राला पॉइंट मोजून दाखवायचे आहेत, त्याला क्लासचा वेळ, विषय, कुणी घेतला हे सगळं लागेल. मला स्वतःला इंग्लंडची पद्धत जास्त पटते. तास भरले म्हणजे माणूस शिकला असं होत नाही. पण ती पद्धत चालायला वकील स्वतःशी प्रामाणिक पाहिजे, तेही तेवढंच खरं.

प्रश्न : मी आश्रमशाळेत नोकरी करतो, ता. अहेरी. नोकरी सोडता येत नाही. डिस्टन्सने एलएलबी करून मग वकिली करावी असं मनात आहे. एका एजंटने बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं आहे.
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, पैसे देऊ नका. डिस्टन्सने, पत्राने किंवा पूर्ण ऑनलाइन केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात रेग्युलर कॉलेज आणि ७० टक्के हजेरी लिहिलेली आहे, आणि यूजीसीच्या २०२० च्या नियमातही कायद्याची डिग्री दूरशिक्षणाने द्यायला मनाई आहे. राज्य कोणतंही असो. तुमची बीए जर मुक्त विद्यापीठातून झाली असेल तर त्याने मात्र बिघडत नाही, फक्त दहावी, बारावी, मग पदवी अशी पायरी क्रमाने झालेली पाहिजे. सरळ पदवीलाच प्रवेश घेतला असेल तर अडचण येते. नोकरी सोडता येत नसेल तर कायद्याचा डिप्लोमा, सर्टिफिकेट असं दूरशिक्षणाने करता येते, इग्नूचे आहेत, बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे आहेत. त्याने कोर्टात उभं राहता येणार नाही, पण तुमच्या भागात वनहक्काचे दावे, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या अधिकारांचा कायदा), ग्रामसभेचे ठराव हे समजून सांगणाऱ्या माणसाची फार गरज आहे, आणि त्याला काळा कोट लागत नाही.

प्रश्न : मॅडम, क्रेडिट लागत नाही हे समजलं, पण शिकायचं कसं? आमच्याकडे धारणीला रेंज येते-जाते. नवीन कायदे आले, जुनी कलमं डोक्यात बसलेली. सिनियरसुद्धा गडबडतात. नागपूरला सेमिनारला जायचं तर दोन दिवस आणि कामं बुडतात.
— तरुण वकील, धारणी, मेळघाट

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्या पत्रांत मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटते.

१ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि एका दिवसात आपल्या सगळ्यांची पाठ केलेली कलमं बदलली. त्यातलं एकच उदाहरण घ्या. जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला आपण ४८२ म्हणायचो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता, आणि ते जुनं ४८२ आता ५२८ झालं. म्हणजे आकडा तोच, काम पूर्ण वेगळं. अर्जाच्या मथळ्यावर सवयीने जुना आकडा पडला तर ऑब्जेक्शन निघते, तारीख जाते, आणि तोवर आपला पक्षकार भीतीने रानात फिरत राहते. पोटगीचं १२५ आता १४४ झालं, फसवणुकीचं ४२० न्याय संहितेच्या ३१८ मध्ये गेलं. आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षेची कलमं जुनीच लागतात, म्हणून दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावीच लागतात.

याचं शिक्षण रेंज नसताना असं करता येईल. परतवाड्याला किंवा अमरावतीला आलात की इंडिया कोड या सरकारी साइटवरून मूळ कायदे पीडीएफमध्ये उतरवून घ्या, फुकट आहेत. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर २०२३ पासून सगळ्यांना फुकट मिळतात, त्यातले बरेच मराठीत भाषांतर झालेले पण आहेत, मात्र कोर्टात हवाला द्यायचा तर मूळ इंग्रजीचाच द्या. घटनापीठाच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून लाइव्ह दाखवतात, रेकॉर्डिंग नंतरही पाहता येते. व्हिडिओला रेंज पुरत नसेल तर नुसता आवाज उतरवा आणि धारणी ते परतवाडा घाटात एसटीत ऐका, तेवढा वेळ कुठेतरी लागलाच असता.

आणि बाररूममध्ये महिन्यातून एक शनिवार ठरवा. कोर्ट बंद असते तो. चार जण आले तरी चालते. एकाने एकच कलम घ्यायचं आणि त्याच कलमाखाली आपल्या कोर्टात दाखल होऊ शकेल असा अर्ज खरोखर लिहून आणायचा, बाकीच्यांनी चुका काढायच्या. भाषण नको. साक्ष्य अधिनियमाचं ६३ कलम घ्या पहिल्याच वेळी. मोबाईलचं रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही, व्हॉट्सॲपचे मेसेज पुराव्यात द्यायचे तर त्याला सर्टिफिकेट लागते, आधी जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या ६५ ब खाली लागायचं, आता त्याचा नमुनाच कायद्याला जोडलाय, दोन भागात, एक भाग मोबाईल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. ही हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या फाइलच्या मजकुरावरून निघालेला लांबलचक आकडा आणि अक्षरांचा गट, फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो बदलते. बाररूममधल्या कॉम्प्युटरवर एकाच फोटोची हॅश काढून पाहा, मग फोटो थोडा कापून परत काढा, डोळ्यांनी दिसलं की कुणी विसरत नाही.

मेडिएशनचं, म्हणजे मध्यस्थीचं, पण तुम्ही पत्रात विचारलं आहे. कोर्टाच्या केंद्रात मध्यस्थ व्हायचं तर ४० तासांचं ठरलेलं ट्रेनिंग लागते, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव देऊन मिळवा. खासगी साइटवरच्या शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेटवर ते होणार नाही.

प्रश्न : मी त्या जाहिरातीतला कोर्स घेतलाय. 'भारतात मान्य आंतरराष्ट्रीय क्रेडिट' असं स्पष्ट लिहिलं होतं. आता मान्य नाही म्हटल्यावर फी परत मागितली तर फोन उचलत नाहीत. कंपनीचा पत्ता दिल्लीचा आहे. दिल्लीला कुठं जाऊ?
— वकील, ता. मोर्शी

उत्तर : दिल्लीला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार करणारा जिथे राहते किंवा काम करते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी अमरावती. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन पण दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, बऱ्याचदा नुसत्या त्या नोंदीवर कंपनी पैसे परत करते.

जाहिरात अजून दिसत असेल तर आजच तिचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेबसाइटचा पत्ता दिसेल असा, कारण नोटीस गेली की सगळ्यात आधी ती जाहिरात गायब होते. पैसे भरल्याची यूपीआयची पावती, त्यांचे मेल, आणि 'भारतात मान्य' असं कुणी चॅटवर सांगितलं असेल तर ती पूर्ण चॅट, मधले मेसेज न गाळता. मग स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दोन्हीकडून नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, आणि त्यात एकच प्रश्न स्पष्ट विचारा की हे क्रेडिट कोणत्या देशाच्या, कोणत्या राज्याच्या, कोणत्या परिषदेने मंजूर केलंय आणि त्या मंजुरीचा नंबर काय. खरी मान्यता असलेल्या संस्थेला याचं उत्तर एका दिवसात देता येते. उत्तर आलं नाही तर तक्रारीत तेच पहिलं कारण म्हणून लिहा. तुमच्या बारमधले अजून कुणी फसले असतील तर त्यांच्याशी पण बोला, एकाच प्रकारची तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.